संत्र्याला लावलेली तीट

आमच्या इवायांइतका काळजी करणारा माणूस देवानं दुसरा घडवला नाही. घडवायला घेतलाच असेल, तर हा कुठं पडेल-बिडेल या धास्तीनं देवाचाच हात थरथरला असेल आणि तो माणूस अर्धवट राहून गेला असेल. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पुण्याकडं व्याही म्हणतात, आमच्या वऱ्हाडात इवाई, आणि विहीणबाईची ईनबाई. वरबाप म्हटला की तो मांडवात रुसायला जागा शोधतो. हे अकोल्याला आमच्या मांडवात आले आणि मानपान राहिला बाजूला, एकेक खांब हलवून पाहत फिरले. "ईनबाई, हवा सुटली तं?" मी म्हटलं, "सुटली तं सुटली. मांडव आमचा आहे, उडाला तं आमचा उडन." तर म्हणतात, "पन खाली मानसं माही आहेत ना!" वरात परतवाड्याकडे निघाली तेव्हा नवरीला गाडीत बसवायच्या आधी यांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं, स्टेपनी काढायला लावली आणि ती अंगठ्यानं दाबून पाहिली. माझी लेक रडत होती, ती रडायची थांबून हसायला लागली. या घरात पोरगी सुखात राहील हे मला तेव्हाच कळलं. झोप किती मिळेल हे मात्र कळलं नाही.

परतवाड्याहून थोडं आत त्यांचं गाव आणि गावाला लागून संत्र्याची बाग. लोकांच्या बागेत झाडं असतात, यांच्या बागेत लेकरं होती. पान पिवळं पडायच्या आधी यांचं तोंड पिवळं पडायचं. आणि वर्षंही तशीच होती, बरं का. कापसावर अळी, तूर फुलावर आली की आभाळ, शेजारची अख्खी बाग डिंक्या रोगानं बसलेली. सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे, आज कोणत्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिला असेल म्हणून. त्यामुळं इवायांच्या काळजीला आम्ही हसायचो, पण जरा हात राखूनच.

अशात जावयानं त्यांना क्यामेऱ्याचा मोबाईल आणून दिला आणि इंटरनेटवरचा एक फोरम दाखवला, खास संत्रावाल्यांचा. झाडाचा फोटो टाकायचा, खाली आपली अडचण लिहायची. कुठले कुठले बागायतदार उत्तरं देतात, आणि एक शिकलेले साहेब तर रोगाचं नाव सांगून औषधही सांगतात. झालं! आजवर इवाई गावापुरती काळजी करत होते, आता साऱ्या मुलखाला पुरेल इतकी करू लागले. फोन रेक्झिनच्या कव्हरात, कव्हर प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या खिशात. गावात रेंज मिळायची ती फक्त गोठ्याच्या टिनावर. हे शिडीवरून वर चढायचे आणि खाली त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या थोरल्या ईनबाई, शिडी धरून उभ्या. "पडसान तं त्याचाबी फोटो टाकजा," त्या खालून म्हणायच्या, "साहेब सांगतीन थो कोनता रोग आहे ते." फोटो नेहमी आडवा यायचा आणि एका कोपऱ्यात यांचा अंगठा. एकदा फोरमवर कोणीतरी लिहिलं, काका, पान काही दिसत नाही, अंगठ्याची तब्येत मात्र चांगली आहे. यांनी खाली मनापासून लिहिलं, "धन्यवाद. अंगठा जुना आहे."

मग एका वर्षी बहार असा आला की फांद्यांना बांबूचे टेके द्यावे लागले. मी तेव्हा लेकीकडे राहायला गेले होते. आमच्याकडं बागेचा सौदा फळ झाडावर असतानाच होतो. परतवाड्याचे एक फळवाले चाचा दरवर्षी येऊन बाग पाहून घ्यायचे, त्या आठवड्यात ते येणार होते. इवायांना आनंद झाला. पण त्यांचा आनंदसुद्धा काळजीचा हात धरूनच घरात येतो. फोरमवर फोटो टाकायची हौस तर दांडगी, पण इतक्या अनोळखी डोळ्यांपुढं भरली बाग ठेवायची कशी? लेकराचा फोटो काढतानाही आपण त्याच्या गालाला काजळ लावतोच की. तर सुनेच्या डबीतलं काजळ बोटावर घेऊन इवाई बागेत गेले, समोरच्या फांदीच्या एकेका संत्र्याला तीट लावली आणि मग फोटो काढला. मी चिडवलं, "इवाई, काळा दोराबी बांधा एखांदा." तर खरंच दोरा शोधायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टिनावरून उतरले ते भुईवरच बसले. "ईनबाई, बाग गेली."

फोरमवरच्या साहेबांनी उत्तर दिलं होतं. फळांवरचे काळे डाग गंभीर वाटतात, डागाळलेली फळं तोडून लांब पुरावीत, शेजारच्या बागायतदारांनी सावध राहावं. खाली लोकांची रांग लागलेली, हा रोग कोणत्या गावात आला म्हणून. मी म्हटलं, "अहो, काजळ आहे ना थे! तुमीच तं लावलं."

"लावलं मीच. पन साहेब एवढे शिकेल. त्याईले काजळाच्या खाली काही दिसलं असन."

मी त्यांना हाताला धरून बागेत नेलं. एक संत्रं पदरानं खसाखसा पुसलं. संत्रं लख्ख झालं आणि पदराला काळा डाग. "पाहा," म्हटलं. इवायांनी चष्मा लावला, आधी संत्रं पाहिलं, मग पदर पाहिला आणि दोन पावलं मागं सरकले. "तुमच्या पदराले लागला! म्हंजे लागट आहे, ईनबाई!"

मला हसू आवरेना. पण दुपारी चाचांचा निरोप आला तेव्हा ते आपोआप आवरलं. चाचांच्या पोरानं तो फोटो पाहिला होता. बाजारात बोलणं सुरू झालं होतं, चाचा सौद्याला येणार नव्हते. घरात कोणी जेवलं नाही. जावई म्हणाला, "बाबा, फोरमवर खरं काय ते लिहून टाका." इवाई मान खाली घालून बसलेले. "काय लिहू? की मी संत्र्याले तीट लावली? थे सारे शिकेल लोक. हासतीन मले."

थोरल्या ईनबाई चुलीपासून उठल्या, शिडी आणून गोठ्याला टेकवली आणि म्हणाल्या, "हासं झालेलं पुरते. बाग गेलेली नाई पुरत. चढा."

मग ते चढले. खालून मी सांगत होते, वर ते एकेक अक्षर शोधत होते: "डागाचं नाव काजळ. औषध पदर." सोबत माझ्या पदराचा फोटो, आडवा, कोपऱ्यात अंगठा. इवाई फोन बंद करून उतरले आणि सांजपर्यंत त्याच्याकडं पाहायला तयार होईनात. शेवटी जावईच वर चढला आणि वरूनच वाचायला लागला. हसले होते लोक, नाही असं नाही. पण त्या हसण्याखाली फोटोच फोटो होते. कोणाच्या मोटारपंपाला लिंबू-मिरची, कोणाच्या गाईच्या पायात काळा दोरा, कोणी पपईच्या बागेत जुना जोडा टांगलेला. आणि साहेबांनी लिहिलं होतं, क्षमा असावी, माझ्याही मोटारीमागं काळी बाहुली आहे. इवाई ऐकत होते आणि डोळे पुसत होते. तेवढ्यात म्हणतात, "बाहुली कशानं बांधली इचार त्याईले. सुटन-बिटन."

चाचा दुसऱ्या दिवशी स्वतः आले. त्यांनी दोन-चार संत्री रुमालानं पुसून पाहिली, मनाजोगा सौदा केला आणि जाताना म्हणाले, "पाटील, हमबी बच्चे को काला टीका लगाते. पन टीका लगाना है तो झाड के खोड को लगाव ना, माल को कायको?"

तेव्हापासून तीट खोडाला. मीही पुढं मोबाईल घेतला, आणि फोरमवर टाकायच्या आधी फोटो मला येऊ लागला. मी अकोल्याला बसून आधी खोडाकडं पाहायची, काळा ठिपका दिसला की मग वर फळं पाहायची. नंतरची काही वर्षं मात्र पाण्यानं पाठ फिरवली. बोअर खोल जात राहिलं आणि पाणी त्याच्याहून खोल. एका उन्हाळ्यात फोटो आला. झाड उभं, पानं गळालेली, खोड कोरं. मी फोन करून चिडवायला म्हटलं, "इवाई, तीट इसरले वाटते?" पलीकडून म्हणाले, "ईनबाई, नजर लागाले काही तं पायजे ना." त्या दिवशी मला त्यांच्या आवाजात काळजी ऐकू आली नाही, आणि तीच मला सगळ्यात मोठी काळजी वाटली. नंतर झाडं तोडली. फोटो बंद झाले. लेकीला विचारलं की म्हणायची, "बाबा आता काहीच इचारत नाही. गाडीची स्टेपनीबी नाही पाहत."

परवा फोन वाजला. फोटो होता, आडवा. कोपऱ्यात तोच अंगठा, आता थोडा सुरकुतलेला. ओली काळी माती आणि तिच्यात वीतभर रोप. खोड असं नव्हतंच त्याला, म्हणून बुडाशी एक गोटा ठेवून त्याला काजळ फासलेलं, इतकं की रोपापेक्षा काजळच जास्त. खाली लिहिलं होतं, "हवा सुटली तं?"

मी डोळे भरून पाहणारच होते. पण एकदाच पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. म्हटलं, आपलीही नजर काही कमी नाही.