उजवीकडचा समुद्र

विलास दामल्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण कावळ्याची त्यांनी धास्ती घेतली होती आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

एडमंटनमध्ये पूल बांधण्यात उभं आयुष्य गेलेला हा माणूस. जानेवारीत त्यांची बायको जयंती गेली. दहाव्याला मागच्या अंगणात पिंड ठेवला, तर उणे तीसमध्ये त्याचा दगड झाला. कावळ्याचा पत्ता नाही. कावळ्याच्याच कुळातला एक काळा-पांढरा मॅगपाय आला, चोच आपटली आणि निघून गेला. मॅगपाय चालतो का, यावर जमलेल्यांत वाद रंगला. मग रीतीप्रमाणे एकेकाने तिच्या राहिलेल्या इच्छा आठवून शब्द दिले. मुलीचं, सलोनीचं, लग्न करू, गुलाब जपू. पिंड तसाच राहिला.

तिची खरी राहिलेली इच्छा आपल्याला ठाऊक आहे, असं विलासरावांना वाटलं. जयंतीबाई इतिहास शिकलेल्या. हजार वर्षांपूर्वी जहाजांतून न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाला उतरलेले, जुने देव सोडून नुकते ख्रिस्ती होऊ लागलेले उत्तर युरोपीय लोक हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. तिथवरचा रस्ता त्यांनी नकाशावर आखून ठेवला होता. विलासराव दर वर्षी म्हणायचे, ‘पुढच्या उन्हाळ्यात.’

यंदा जुलैत ते मुलीला घेऊन निघाले. विमानाने बेटावर उतरून, मग भाड्याच्या गाडीने, डावीकडे समुद्र ठेवून, उत्तरेकडे. नकाशावरची एकही खूण चुकवली नाही. जुनं दफनस्थळ, लाकडी चर्च, सगळीकडे उतरायचं, फोटो काढायचा, पुढे. माणूस पूल तपासायला निघाल्यासारखा हिंडत होता.

टोकाला गवताने शाकारलेल्या झोपड्या होत्या. तिथली गाइड म्हणाली, या लोकांत एकाच घरात नवरा जुन्या देवांचा आणि बायको ख्रिस्ताची, असंही असायचं. विलासरावांना आपलं घर आठवलं. ती देवघरात, आपण पेपरात.

परतताना त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि डब्यातला दहीभात समुद्राकाठच्या दगडावर ठेवला. विजेच्या खांबावर एक डोमकावळा बसला होता.

“जयंती, तुझं सगळं बघून झालं गं,” ते मोठ्याने म्हणाले.

कावळा ढिम्म.

“बाबा,” सलोनी हळूच म्हणाली, “आईला हे बघायचं होतं, बट दॅट वॉज नॉट इट. तिला इथे स्वतः ड्राइव्ह करायचं होतं. शी वॉज प्रॅक्टिसिंग विथ मी, मॉलच्या पार्किंगमध्ये. तुम्हाला सांगू नको म्हणाली.”

जयंतीबाईंकडे लायसन्स होतं. ‘हायवे तुला जमायचा नाही,’ म्हणून किल्ली मात्र कायम विलासरावांच्या खिशात. चाळीस वर्षांत त्यांना हे एकदाही खटकलं नव्हतं.

मग खिशातून किल्ली काढून त्यांनी मुलीच्या हातात दिली.

“चुकलो गं,” ते म्हणाले. कोणाला, ते सलोनीने विचारलं नाही.

ते शेजारच्या, बायकोच्या नेहमीच्या जागेवर बसले, पट्टा लावला. गाडी दक्षिणेला लागली तसा समुद्र उजवीकडे आला, अगदी काचेला लागून. तिला या जागेवर बसवून आपण आयुष्यभर किती पळवत नेलं, आणि तरी ती बघत राहिली.

सलोनीची नजर आरशात गेली. “बाबा, तो खाली—”

“सांगू नकोस,” विलासराव म्हणाले. “मागे बघायचं नसतं. तू रस्त्याकडे बघ.”