लेखात लेख न्हाई

आमच्या ब्लॉगर मंडळाचे किस्से मी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. महिन्यातल्या एका रविवारी मंडळ तिथेच भरतं. मंडळी गेल्यावर दुकान झाडताना कागदाच्या कपट्यांबरोबर एखादा किस्सा हाती लागतोच!

आम्ही चौघं लिहिणारे आणि पाचवे किरण सर, शिकवणारे. ब्लॉग कसा गाजवावा, यावर त्यांचा ब्लॉग आहे. दुसऱ्या कशावर त्यांनी लिहिलेलं अजून तरी कुणी पाहिलेलं नाही. त्यांचं सूत्र एकच, "लेख एक तास लिहा, आठवडाभर फिरवा!"

*

पहिल्याच मीटिंगला सरांनी प्रत्येकाला विचारलं, "तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण?"

देवणीच्या आप्पांची पाळी आली. आप्पा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर गाई-बैलांच्या दुखण्यांवर लिहायला लागले. दर मंगळवारी एसटीने येतात, वही माझ्यापुढे ठेवतात आणि मी टाइप करून ब्लॉगवर टाकते.

आप्पा म्हणाले, "ज्याचं जनावर बिमार हाय, त्यो."

"आणि बाकीचे लोक?"

"त्येंनी कशाला वाचायचं? त्येंचं जनावर बरं हाय की!"

सरांनी बोर्डावर काहीतरी लिहिलं आणि लगेच पुसलं.

*

नांदेडच्या सुरेखावहिनी स्वयंपाकावर लिहितात. त्यांचा साधासुधा लेख होता, ज्वारीची भाकरी का चिरते. सर म्हणाले, "हेडिंगमध्ये धक्का पाहिजे!" वहिनींनी धक्का दिला: 'या एका चुकीमुळे माझ्या घरात रोज भांडण व्हायचं!'

चूक म्हणजे जुनं पीठ. पण लिंक गेली सासरच्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी देगलूरहून सासूबाई, दोन दीर आणि एक मामा जीप करून समेटाला हजर! लेख कुणीच उघडला नव्हता, सगळे हेडिंगवरच निघाले होते.

वहिनींनी ताज्या पिठाच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं. मंडळी पोटभर जेवली. जीपमध्ये बसताना सासूबाई म्हणाल्या, "भाकरी तर ब्येस करायलीस की! मग भांडण कामून करता?"

*

मग आला पाच मिनिटांचा नियम. कुणीही लेख टाकला की बाकीच्यांनी पाच मिनिटांच्या आत खाली कॉमेंट टाकायची. वाचायचं नंतर, सवडीने. "गर्दी दिसली की गर्दी येते!" इति सर. आम्ही इतके तयार झालो की मी एका हाताने झेरॉक्स काढत दुसऱ्या हाताने 'अप्रतिम' लिहायची.

इस्लापूरचा बालाजी फिरस्ता माणूस, सहस्रकुंडच्या धबधब्यावर लिहिणार होता. सरांच्या सांगण्यावरून त्याने आधी ब्लॉग सजवला. उघडला की घंटी वाजे, मग ईमेल मागणारी चौकट, मग फॉलो करा, मग शेअर करा. आठवडाभर खपून त्याने लेख टाकला.

पाच मिनिटांत कॉमेंट! मी लिहिलं, 'अप्रतिम!' वहिनींनी लिहिलं, 'धबधबा डोळ्यांपुढे उभा राहिला.' सरांनी लिहिलं, 'शेवट तर काळजाला भिडला.'

तासाभराने आप्पांचा बालाजीला फोन.

"बाबा, घंटी वाजली. तीन चौकटी बंद केल्या. पण तुझ्या लेखात लेख न्हाई!"

बालाजीने बघितलं. सजावटीच्या नादात मजकूर चिकटवायचाच राहिला होता.

*

पुढच्या मीटिंगला सरांनी आप्पांचा ब्लॉग हाती घेतला. आप्पांनी पहिल्यांदाच व्यायणाऱ्या गाईवर लेखमाला सुरू केली होती. दोन भाग झाले होते, तिसरा यायचा होता. सरांनी नवं हेडिंग सुचवलं, 'तुमची गाय तुमच्याशी खोटं बोलते आहे का?'

आप्पा म्हणाले, "गाय खोटं बोलत न्हाई, सर. आमी दवाखान्यात मालकाला इचारतच नव्हतो, गायीकडंच बघायचो!"

आम्ही हसलो. सरांना ते लागलं असावं. त्यांनी लॅपटॉप फिरवून आप्पांचे आकडे सगळ्यांना दाखवले. "गेल्या लेखाला चार वाचक. त्यातले एक तुम्ही आणि एक टाइप करणाऱ्या ताई!"

आम्ही पुन्हा हसलो. मीसुद्धा हसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते. आप्पांनी वही पिशवीत घातली, चहा न घेताच उठले.

मंगळवारी आले ते फक्त पाच ओळी घेऊन. 'मी आता थकलो. हा माझा शेवटचा लेख. कुणाला माझ्या लिहिण्याचा उपयोग झाला असेल तर आनंद आहे. झाला नसेल तर वेळ घेतल्याबद्दल माफी. नमस्कार.'

"आप्पा, असं नका करू," मी म्हणाले.

"चार माणसासाठी तुमाला कशाला तरास? टाका, ताई."

मी टाकलं. लिंक नेहमीप्रमाणे ग्रुपवर गेली. आप्पा स्टुलावर बसून एसटीच्या वेळेची वाट बघत होते. पाच मिनिटांत फोन टिंगटिंग वाजायला लागला.

वहिनी: 'खूपच माहितीपूर्ण! घरी करून बघते.'

बालाजी: 'एक नंबर, आप्पा!'

किरण सर: 'अप्रतिम! असेच लिहीत राहा. पुढच्या भागाची वाट पाहतोय!'

मी एकेक वाचून दाखवलं. आप्पा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पिशवी उचलून ते निघालेच होते, तेवढ्यात फोन आणखी एकदा वाजला. नाव ओळखीचं नव्हतं. तेही वाचलं.

'आप्पा, मी जळकोटहून. तुमचे दोन्ही भाग वाचून गाय संभाळली. आज सकाळी व्याली. पण वासराला जवळ येऊ देईना, लाथा मारायली. तिसरा भाग कुठं हाय?'

आप्पा दारातून मागे फिरले. पिशवी खाली ठेवली, स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढलं.

"घ्या, ताई. पटापट लिवून घ्या."

मी भराभर टाइप करत होते. आप्पा बोलत होते, मधेच हाताने गाय कशी धरायची ते हवेत दाखवत होते. शेवटची ओळ झाली. सवयीने मी विचारलं, "आप्पा, हेडिंग काय देऊ?"

"हेडिंग ऱ्हाऊ द्या हो! वासरू उपाशी हाय तिकडं!"