मलिद्याची पहिली मूठ

"उजेडात ये बघू," असं म्हणत मावशी समोरच्याची हनुवटी धरायची आणि तोंड खिडकीकडे वळवायची. ताप असो, रुसवा असो, तपासणी हीच. नेगेवच्या वाळवंटातल्या आमच्या शेतकरी वस्तीत तिच्या तावडीतून सुटलेली हनुवटी तुम्हाला सापडली नसती.

मी मात्र तिला दोनेक महिने चुकवलं. नव्वदनंतरची गोष्ट. गालावर फोड आला, फुटला, त्याचा व्रण झाला, भरेना. आम्ही कोकणातून इथं येऊन वसलेली ज्यू माणसं. न भरणारा व्रण म्हटलं की एकच नाव मनात येतं, महारोग. कुणाला बोललो नाही. कप वेगळा केला, अंथरूण वेगळं केलं, आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलीला हात लावला नाही. बायकोला वाटलं, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं. मी तिला तसं वाटू दिलं.

शेवटी मावशीनं मिरच्यांच्या ग्रीनहाऊसमध्ये गाठलंच.

"गाढवा, हा तर यरीहोचा गुलाब! इथं या फोडाला असंच म्हणतात. बारीक माशी चावते, तिच्यानं होतो." तिनं फ्रॉकची बाही वर करून दंडावरचा जुना डाग दाखवला. "हा माझा. नवऱ्यानं टाकलं का मला?"

"पण पोरीला लागलं तर?"

"शिवल्यानं लागत नाही रे. चल डिस्पेन्सरीत."

डॉक्टरही तेच म्हणाले. सुया व्रणातच टोचायचे. डोळ्यांत पाणी यायचं. मावशी दर खेपेला माझा हात धरून रेवदंड्यातली जुनी लफडी रंगवून सांगायची. मी कळवळत हसायचो.

तरी भीती जाईना. मुलीच्या लांबलेल्या पाळण्याला आमच्या एलियाहू हन्नावी प्रेषिताच्या नावानं मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. वाटायचा बापानं, आणि बाप कोपऱ्यात. व्रण अजून ओला होता. मावशीनं भर मंडळीत हात पुढे केला.

"तुझ्या हातचा दे. चमचा नको."

ती मूठ तिनं खाल्ली, बोटं चाटली आणि मुलगी माझ्या हातांत दिली. "आता रडा दोघं मिळून." त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं.

व्रण भरला, खळगा राहिला. दरवर्षी मलिदा करत आलो आणि पहिली मूठ मावशीला. ती गेली त्या वर्षी ताट घेऊन उभा राहिलो. मूठ भरली, पण द्यायची कुणाला?

माझी मुलगी, आता शाळकरी, पुढे आली. तिला मराठी कळतं, बोलते हिब्रू. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं, आणि दुसरा हात पसरला.