शेवटच्या गाडीचा पेपर

एसटी स्टँडवर डिझेलचा वास आला की मला मूळ संख्या आठवतात. कराडला एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षासाठी ऐच्छिक पेपर निवडायचा होता आणि मी फॉर्मवर स्टॅटिस्टिक्स लिहून मोकळी झाले होते. नंबर थिअरी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "वर्षभर मूळ संख्यांवरून माझं डोकं खाल्लंस, मग नंबर थिअरी का नाही?" मी म्हटलं, "मॅडम, तो तास पाचला हाय, आन् वडूजची शेवटची गाडी साडेपाचला." आम्ही गावाकडच्या मुली पेपर एसटीच्या वेळापत्रकावरूनच निवडायचो. मॅडम माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आल्या आणि बाकावर बसून फॉर्मच्या मागे लिहू लागल्या. हजार म्हण, लाख म्हण, तेवढे सलग आकडे सापडतात ज्यांत एकही मूळ संख्या नाही, हे त्यांनी चार ओळींत सिद्ध केलं. माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडचा चैतातला माळ उभा राहिला, नजर जाईल तिथवर झाड नसलेला. गाडी सोडायला आलेला कंडक्टरही वाकून बघत होता. "आवं मॅडम, मग फुडं एखादी घावती का न्हाई?" "घावतेच. त्या कधीच संपत नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो तास दुपारी दोनला आणला. आता त्याच विभागात मी शिकवते, फॉर्मही मीच तपासते. परवा एका हुशार मुलीनं भलताच पेपर निवडलेला दिसला. मी तिला कारण विचारलं नाही, फक्त गाडी किती वाजताची आहे ते विचारलं.