भाऊजींच्या तोंडातली रीड

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान दौलतराव, एरवी बडबडे, पण वरात वाजवायची असली की मुके होतात. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी बसवतात, तिला रीड म्हणतात. ती ओली हवी, म्हणून भाऊजी ती आधी तोंडात धरून बसतात. त्यांच्या मुलीने, मोनाने, सहल, सायकल, कॉलेज, सगळ्या परवानग्या याच वेळेला, नुसत्या हलत्या मानेवर काढल्या. हुशार पोरगी!

स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर भाऊजी कॅम्प-1 वस्तीतल्या बँडपार्टीत वाजवायचे आणि मरोद्याच्या घरी रीडांचे लाड करायचे. नवी रीड उजेडात धरून रेषा सरळ आहेत का पाहायचे. हिरवट म्हणजे कच्ची. सोनेरी असली तर रोज थोडी वाजवून मुरवायची, पुसायची, काचेवर आडवी निजवायची. एकदा त्या काचेवर मी चहाचा कप ठेवला, तर कितीतरी दिवस माझ्याशी अबोला!

मोनाने त्यांना प्लास्टिकची रीड आणून दिली होती. "बाबा, हिले ओली करा लागत नाही. उन्हात वाकत बी नाही."

"आइस्क्रीमचा चमचा होय तो! मी तोंडाले नाही लावत."

मोनाचं लग्न नेमकं मे महिन्यात निघालं. पोरीच्या वरातीचं स्वागत मीच वाजवून करणार, असं भाऊजींनी जाहीर केलं. वर्षभर जपलेली एकच सोनेरी रीड सोबत घेतली, बाकीच्या घरी काचेवर.

"भाऊजी, जास्तीची एखादी घ्या न," मी म्हटलं. मान हलली. आडवी.

वरात दारात आली. भाऊजी तोंडात रीड धरून व्याहीभेटीला उभे. बोरसीचे व्याही नरहरीराव रेल्वेतले, अंगाने दांडगे. त्यांनी भाऊजींना मिठीत उचललं आणि "तोंड गोड करा जी!" म्हणत अख्खा पेढा कोंबला.

कडकन आवाज झाला.

"पेढ्यात सुपारी टाकली का जी हलवायानं?" नरहरीरावांनी विचारलं.

भाऊजींच्या तळहातावर पेढा आणि बोरूचे दोन तुकडे. मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं.

मी नवरीच्या खोलीत धावलो. ऐकून मोना हसता हसता खुर्चीवरून घसरली. मग पर्समधून तो चमचा काढला आणि शालू सावरत स्वतःच दाराकडे पळाली. मुहूर्ताआधी नवरी वरातीसमोर! बायका किंचाळल्या. गुरुजींनी धावत येऊन मध्ये अंतरपाट धरला.

अंतरपाटाच्या अलीकडे बाप-लेक. भाऊजींनी मुकाट्याने प्लास्टिकची रीड बसवली.

"बाबा, आज तोंड रिकामं आहे तुमचं. बोला न कुछ तो. जिंदगीभर मानच हलवून राहिले."

भाऊजींनी क्लॅरिनेट काखेत धरलं. पलीकडे अख्खी वरात ताटकळलेली. शेवटी म्हणाले, "जेवली का तू?"

"नाही न, बाबा." मोना हसत होती आणि काजळ गालावर उतरत होतं.

भाऊजी अंतरपाटावरून ओरडले, "थांबा जी! पोरगी उपाशी आहे!"

पलीकडून नरहरीरावांनी पेढ्यांचा डबाच पुढे केला. मोनाने दोन खाल्ले, तेव्हा कुठे क्लॅरिनेट वाजलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी गुरुजींसकट सगळ्यांना नाचवलं.

बोरूच्या रीडा अजून काचेवर निजतात. वरातीला मात्र भाऊजी चमचाच नेतात. वाजवायच्या आधी बोरसीला मोनाला फोन लावतात आणि तेवढंच विचारतात.