तेल अडवणारी शिवण

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या शिवणीकडे बघतात. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी त्यांनी मला जवळ घेतलं. मला वाटलं मायेनं. तर या माझ्या खांद्याची शिवण चाचपत होत्या. "कुणी शिवलंय गं हे? टाका केवढा लांब घेतलाय." तेव्हापासून आमचं जे जुंपलंय ते आजतागायत. मी तापट, त्या हट्टी आणि मधे माझा नवरा, ज्याला दोन्हीकडे तोंड करून फक्त हो म्हणता येतं.

आमची पुढची खोली रस्त्यावर उघडते. तिथे खिडकीशी वन्संचं शिवणयंत्र. एके काळी सगळ्या गल्लीचे कपडे त्यांच्या हातून जायचे. मग लोक दुकानातून तयार कपडे आणायला लागले आणि वन्संकडे उरल्या त्या तुटलेल्या चेनी आणि लांब झालेल्या पँटी. हळूहळू तेही आटलं. नवरा एकदा घाबरत घाबरत म्हणाला, "ताई, पुढची खोली मोबाइल दुरुस्तीवाल्याला देऊ या का? विचारतोय तो." वन्सं त्या रात्री जेवल्या नाहीत. मी नवऱ्याला आत नेऊन असा फैलावर घेतला की त्याचीही भूक मेली. पण सकाळी वन्संनीच सांगून टाकलं, "हाताला कायमचं काम मिळालं तर खोली माझी. नाही मिळालं तर दिवाळखोराचा तोरा मला नको. देऊन टाका." एकदा त्या बोलल्या की संपलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चष्मेवाली आली. आमच्या रस्त्याच्या टोकाला कॉलेज आहे, तिथल्या प्रयोगशाळेत ती काम करते. नाव सांगितलं होतं तिने, पण वन्संनी पहिल्याच दिवशी तिला चष्मेवाली केली आणि तेच चिकटलं. तिने पिशवीतून एक पडदा काढला. कागदाहून जाड, कापडाहून कडक, रंगानं वाळल्या गवतासारखा.

"मावशी, हा मी पेंढा आणि स्टार्च यांपासून केलाय," ती म्हणाली. "आधी पाण्यात भिजवायचा. एकदा पाणी प्यायला की पाण्याला वाट देतो, तेलाला अडवतो. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला इंजिनं धुतो ना, ते काळं पाणी यातून गाळायचं. आणि पडदा खराब झाला की तेल धुऊन काढायचं आणि मातीत पुरायचा, कुजून जातो. प्लास्टिकच्या गाळणीसारखा जन्मभर मागे लागत नाही."

तिला या पडद्याच्या पिशव्या शिवून हव्या होत्या, पिंपाच्या तोंडात अडकवायला. चिकटवून बघितल्या होत्या, पाण्यात सुटल्या. जमलं तर आसपासच्या सगळ्या गॅरेजांना लागणार होत्या, आणि सतत लागणार होत्या, कारण पडदा फार टिकत नाही. वन्संनी पडदा आडवा ओढला, उभा ओढला, वास घेतला. "शिवता येईल," एवढंच म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन उघडलं, झाडलं, पुसलं आणि प्रत्येक भोकात तेल सोडलं. मोठं काम हाती घ्यायचं तर आधी मशीनला तेल पाजायचं, हा त्यांचा नेम. मग पिशव्या शिवल्या, त्या इतक्या देखण्या की मला वाटलं, घाण पाणी कशाला, यात धान्य भरावं.

गॅरेजात आम्ही सगळे पिंपाभोवती वाकून उभे राहिलो. चष्मेवालीनं पिशवी भिजवून अडकवली, गॅरेजवाल्यानं काळं पाणी ओतलं. खाली थेंब पडायला लागले. स्वच्छ. आणखी स्वच्छ. आणि मग शिवणीखालच्या थेंबांबरोबर पाण्यावर रंगीत तवंग पसरला. दुसरी पिशवी लावली, तेच. तिसरी, तेच.

चष्मेवालीचा चेहरा उतरला. "माझाच पडदा कच्चा आहे, मावशी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," असं म्हणत ती आवराआवर करायला लागली. मला तिचा असा राग आला. वर्षभर त्या पडद्यापायी घासायचं आणि तीन पिशव्यांत हात टेकायचे? पण मी तोंड उघडायच्या आत वन्संनी एक पिशवी उचलली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"तुझा पडदा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "हे माझ्या मशीनचं तेल आहे. सुईवरून उतरलं. पाणी प्यायच्या आधी मीच त्याला तेल पाजलं."

चष्मेवाली मटकन टायरवर बसली आणि चष्मा काढून हसायला लागली. मला मात्र हसू येईना. तेलाशिवाय मशीन चालणार कसं? कोरडं चालवलं तर पहिल्या पिशवीलाच कुरकुर करून बंद पडायचं. मी तसं म्हटलं तर वन्सं माझ्यावरच उखडल्या. "मशीन नव्हतं तेव्हा लोक काय नागडे फिरत होते?"

त्यांनी हातानं शिवायला घेतलं. हात साबणानं धुवायचे, नवी सुई धुवायची, पडदा टबात भिजवायचा आणि ओलाच शिवायचा. ओला पडदा फुगतो, त्यामुळे सुईचं भोक दोऱ्याभोवती घट्ट मिटतं. खोलीत मला बंदी. "हात दाखव. आत्ता फोडणी घालून आलीस ना? उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही." माझ्याच घरात मी दारात उभी राहून त्यांना पाण्याचा पेला पुढे करायची, आणि त्या तोही फडक्यात धरून घ्यायच्या. नवऱ्याला हे सगळं बघून फार मजा वाटत होती.

या वेळी पाणी उतरलं ते निखळ. काळं तेल पिशवीतच अडकून बसलं. गॅरेजवाल्यानं खालच्या पाण्यात बोट बुडवून माझ्यासमोर धरलं. "बघा वहिनी, येतो का तेलाचा वास?"

"तुमच्या बोटाला तो मरेपर्यंत येणार," मी म्हटलं. सगळे हसले. वन्सं तेवढ्या पिशवीखाली वाकून शिवण बघत होत्या.

पण चष्मेवालीचा हट्ट वन्संपेक्षा कमी नाही. पाण्याची परीक्षा झाली, मातीची राहिली, म्हणाली. वापरलेली पिशवी, तेल धुऊन काढून, तिने कॉलेजच्या आवारात पुरली. ती नीट कुजली तरच पुढचं काम. मधल्या काळात तो मोबाइलवाला खोलीत टेबल बसतंय का ते बघायला टेप घेऊन आला, त्याला मी टेपसकट वाटेला लावला. वन्सं मात्र रोज थोडं थोडं आवरत होत्या. कापडाचे तुकडे गाठोड्यात बांधून ठेवत होत्या. ते गाठोडं दिसलं की मला वाटायचं, दिवसभर भांडायचं ते माणूसच जर खिडकीशी नसेल, तर मी घरात करू काय?

उकरायच्या दिवशी चष्मेवालीनं खुरप्यानं माती बाजूला केली. पडदा नव्हता. नुसती काळी, भुसभुशीत माती आणि गांडुळं. ती खूश होऊन आणखी उकरायला लागली आणि खुरप्याला काहीतरी अडकून वर आलं. आख्खी शिवण. तळाची, दोन्ही बाजूंची, तोंडाची. पडदा कुजून गेला होता आणि शिवणीची पिशवी जशीच्या तशी लोंबत होती.

वन्संनी आपला सगळ्यात मजबूत नायलॉनचा दोरा वापरला होता.

त्या खाली बसल्या. "कुजणारा दोरा मी आयुष्यात हातात धरला नाही गं," त्या म्हणाल्या. "शिवलेलं टिकावं म्हणूनच तर शिवायचं." आवाज इतका बारीक झाला होता की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

चष्मेवालीनं ती शिवण झटकली, उन्हात धरली. "पडदा गेला ना, मावशी? मला तेच बघायचं होतं. दोरा काय, सुती घ्या."

"सुती दोरा मातीत उसवेल."

"उसवू दे."

"माझी शिवण उसवली तर लोक काय म्हणतील?"

"तिथे लोक नसतात, मावशी. गांडुळं असतात, ती आभार मानतील," चष्मेवाली म्हणाली. "सोमवारपासून पडदे पाठवते. शिवाल ना?"

वन्सं आधी हसल्या आणि हसता हसता रडल्या. मी पण रडले, कशाला लपवू?

वाटेत आम्ही सुती दोऱ्याची रिळं घेतली. नवरा दारातच उभा होता. आमचे लाल डोळे बघून बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, काय ठरलं मग?"

"खोली दिली," वन्सं म्हणाल्या.

"दिली? कुणाला?"

"मला," म्हणाल्या, आणि त्याला बाजूला सारून आत गेल्या.