झोप लागली का?

उन्हात कडक वाळलेल्या चादरीची घडी उघडली, की मला आमचा नर्सिंगचा वर्ग आठवतो. इंदूर तेव्हा मध्य भारत राज्यात होतं आणि मी बडा गणपतीजवळचं घर सोडून हॉस्टेलात राहायला आले होते. शिकवायला नव्याने आलेल्या सिस्टर रोज सकाळी आधी विचारायच्या, "झोप लागली का? नीट जेवलात का?" आम्हाला हे काही सरळ वाटेना. जिचं मन रमत नाही तिला मॅट्रन घरी पाठवत, तेव्हा या सिस्टर आमची नावं तिकडेच पोचवत असणार. "हो म्हणायचं, बस. फालतू बोलायचं नाही," असं माझ्या शेजारच्या मुलीने सगळ्यांना बजावलं होतं. एक दिवस तीच उभी राहून म्हणाली, "नाही लागली, सिस्टर. घरची याद येते." आम्ही माना खाली घातल्या. आता हिची पेटी भरायची, असंच वाटलं. सिस्टरनी सरावाच्या पलंगावरचा पुतळा बाजूला ठेवला आणि तिला तिथे निजवलं. पेशंट पलंगावर असतानाच चादर बदलायचा धडा होता. आम्ही तिला अलगद कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळत नवी सरकवली, आणि बघतो तर ती गाढ झोपलेली. "आता हिला न उठवता पुन्हा बदला," सिस्टर हळूच म्हणाल्या. तिला कोणी घरी पाठवलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही बाकीच्या "हो"च म्हणालो. आता सकाळी सून विचारते, "आई, झोप लागली का?" मी आधी तिच्या तोंडाकडे नीट बघून घेते, आणि रात्रभर टक्क जागी असले तरी सांगते, हो, लागली.